नाव तेवढं राहू द्या

रात्री साडेदहाला आमच्या दाराची कडी वाजली तर घरात कुणी दचकत नाही. बायको कूस बदलत एवढंच म्हणते, "उठा, लायसन आलंय."

दारात लायसनराव उभा असतो. काखेत लॅपटॉप, पायांत दोन निरनिराळ्या जोडांतल्या चपला आणि चेहरा ठरलेली सोयरीक मोडल्यासारखा. "सर, झोपले नव्हते ना? एकच विचारायचं होतं. एमआयटी घेऊ का अपाची?"

त्याचं खरं नाव मी इथे देत नाही. ज्याला हवं असेल त्यानं त्याच्या प्रोग्रॅममधली लायसनची फाइल उघडावी. तिथे ते पहिल्याच ओळीत आहे, आणि ते तिथे कायम राहावं यासाठीच हा सगळा उपद्व्याप चाललाय. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. गावात बँकेची नोटीस आली, पोराला कुठून इंग्रजी पत्र आलं, तर माणसं माझ्याकडे येतात. पण ती संध्याकाळी येतात आणि एकदा येतात. लायसनराव अकरा महिने येत होता.

वय बत्तीस. इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत तीन वर्षं काढली आणि आबांच्या गुडघ्याचं निमित्त करून परत आला. स्टँडजवळ त्याचं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. दुकानात गर्दी नसली की तो लिहीत बसतो, आणि जे लिहितो ते फुकट वाटून टाकतो.

त्यानं लिहिलं काय, तेही सांगायला हवं. राजूर म्हणजे गणपतीचं राजूर, जालन्याहून भोकरदनला जाताना लागतं ते. गणेशाच्या साडेतीन पीठांत मोरगाव आणि पद्मालय यांच्यासोबत आमचं पीठ पूर्ण मानतात, अर्धं चिंचवडचं. त्यामुळे गावात संकष्टी घरटी एक तरी. लायसनरावाच्या मायला तर लग्नाआधीपासूनची. उपास सोडायचा चंद्रोदयाला. आभाळ निरभ्र असलं तर प्रश्न नाही, अंगणात उभं राहायचं. पण पावसाळ्यात चंद्र दिसत नाही, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. मायच्या कॅलेंडरात वेळ मुंबईची. राजूर मुंबईच्या पूर्वेला साधारण तीन अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमचा चंद्र बाराएक मिनिटं आधी उगवतो. अक्षांशानं आणि ऋतूनं दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे. हे पोरानं मायला समजावून सांगितलं, तेव्हा ती माउली म्हणाली, "म्हंजे तीस वर्षं झाली, दर पावसाळ्यात मी मुंबईसाठी बारा मिनिटं उपाशी राह्यले?"

त्या रात्री तो लिहायला बसला. गावाचं नाव टाकलं की त्या गावचा चंद्रोदय. तीन रात्रींत २११ ओळी झाल्या. चंद्र उगवायच्या आत कुणी बटण दाबलं तर पडद्यावर येतं, "जरा दम धरा." ही ओळ मायची.

प्रोग्रॅमला तीन रात्री लागल्या. लायसनला अकरा महिने.

गावाला हे कोडं सुटेना. शेजारच्या कृषी केंद्रवाल्यांच्या भिंतीवर बियाण्याचा, खताचा आणि कीटकनाशकाचा असे तीन परवाने चौकटीत टांगलेले. त्यांनी विचारलं, "कितीला विकू राहिला?"

"फुकट, काका."

"फुकट वाटायला लायसन लागतं व्हय? आम्हाला विकायला लागतं."

खरं तर लागतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली आहे. म्हणजे लायसनरावाच्या २११ ओळी कायद्याच्या लेखी कादंबरीच्या पंगतीला बसतात. लेखक जिवंत असेतो आणि तो गेल्यावर साठ वर्षं हक्क त्याचा. काही न लिहिता नुसतं इंटरनेटवर ठेवलं तर लोकांना बघता येईल. घेऊन वापरायची, बदलायची, पुढे द्यायची परवानगी मात्र नाही. अंगणात आंब्यांची पाटी ठेवली आणि "घ्या" म्हटलंच नाही, तसं. भला माणूस हात लावत नाही, आणि ज्याला लावायचा तो विचारत नाही.

"मग हक्कच सोडून देतो," तो एका रात्री म्हणाला. तेही कायद्यात आहे. कलम २१ प्रमाणे रजिस्ट्रारला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन लेखक हक्क सोडू शकतो. दुसऱ्या दिवशी त्यानं घरी जेवताना सहज "हक्कसोडपत्र" हा शब्द काढला. आबांचा घास हातात राहिला. माजघरात आत्या बसलेली होती. तिनं वीस वर्षांपूर्वी त्याच नावाच्या कागदावर सही केली होती आणि बदल्यात एक साडी मिळाली होती. त्या दुपारी त्या घरात जे झालं त्याचा सॉफ्टवेअरशी संबंध नाही. पण हक्क सोडायचा बेत तिथेच मोडला.

त्याची खरी अडचण मला दुसऱ्या महिन्यात कळली. या जातीची माणसं तुम्हीही पाहिली असतील. भंडाऱ्याला दोन पोती गहू देतात आणि वर म्हणतात, "नाव पुकारू नका हं." मग माईकपासून दहा पावलांवर उभे राहतात. पुकारलं तर मान खाली घालून "काय गरज होती" असं पुटपुटतात; नाही पुकारलं तर त्यांना बुंदी गिळत नाही. पैशाचा मोह त्यांना खरोखर नसतो. मोह असतो तो नावाचा, आणि तो कबूल करायची लाज वाटते.

"नावाचं काही नाही हो सर," लायसनराव दर रात्री सुरुवातीला म्हणायचा.

पहिलं विघ्न ग्रहगणितातच आलं. सुरुवातीला त्यानं चंद्राचं गणित 'स्विस एफेमेरिस'वर बसवलं होतं. झुरिचच्या अॅस्ट्रोडिन्स्ट कंपनीची ही लायब्ररी. जगातली कितीतरी कुंडलीची सॉफ्टवेअरं तिच्यावर चालतात. तिला वाटा दोनच. पैसे भरून व्यावसायिक परवाना घ्या, नाहीतर एजीपीएल पाळा. एजीपीएल म्हणजे रिचर्ड स्टॉलमनच्या जीपीएलची धाकटी, जास्त कडक बहीण. मी ते इंग्रजी तीन रात्री वाचलं, आणि चौथ्या रात्री पाणी द्यायला आलेल्या बायकोनं ते एका वाक्यात उलगडलं: "विरजण आहे हे."

अगदी तसंच आहे. शेजारणीकडून विरजण आणून दही लावलं, तर ते दही ज्याला द्याल त्याला विरजणही द्यायचं, लावायची रीतही सांगायची, आणि त्यानंही पुढच्याला तसंच करायचं. ही झाली जीपीएल, १९८९ पासूनची. एजीपीएल म्हणते, दही घराबाहेर दिलं नाही, नुसतं ओट्यावर बसवून लोकांना मठ्ठा पाजला, तरी मागेल त्याला विरजण द्या.

"पण कंपन्या घाबरतात सर. गूगलमध्ये तर एजीपीएलचा कोड वापरायला मनाई आहे."

"मग नाही वापरला गूगलनं तर तुझं काय अडलं? त्यांच्याकडे कुणाला संकष्टी आहे?"

तो गप्प बसला. पण मला दिसलं, त्याला गूगलनं वापरायला हवं होतं. माझं मत विचाराल तर विरजणाचीच रीत मला पटते. घेतलंस तर देत राहा, यात गैर काय? पण मत द्यायला माझ्याकडे २११ ओळी कुठे आहेत? शिवाय त्यानं मला मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचा दाखला दिला. त्यांचं हिशेबाचं, मालसाठ्याचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर जीपीएलवर आहे, पण ते ज्या पायावर उभं आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटीवर. पाया कुणीही घ्या आणि त्यावर काय हवं ते बांधा. माडी घेतलीत तर मात्र वाटून खा. "माझा तर पायाच आहे सर," तो म्हणाला. २११ ओळींचा पाया.

शेवटी त्यानं स्विस गणित काढून टाकलं आणि ब्रँडन ऱ्होड्स या अमेरिकन माणसाची 'स्कायफील्ड' ही पायथनमधली लायब्ररी घेतली. ती एमआयटी लायसनची. सोबत नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची सतराएक एमबीची ग्रहस्थितींची फाइल. मायचा उपास नासाच्या आकड्यांवर सुटू लागला.

आता तो मोकळ्या लायसनांच्या बाजारात शिरला, आणि तिथे माल इतका की माणसाचं डोकं फिरावं. अपाची २.० हे २००४ सालचं, लांबलचक, वकिली थाटाचं. त्यात पेटंटचं कलम आहे: ज्यानं कोड दिला त्यानं त्या कोडात गुंतलेल्या आपल्या पेटंटचीही परवानगी दिली असं समजावं, आणि घेणाऱ्यानंच त्या कोडावरून पेटंटचा दावा ठोकला तर त्याची ती परवानगी गेली. हे मी लायसनरावाला समजावत होतो, तर गुडघ्याला तेल चोळत बसलेले आबा मध्येच बोलले. जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पेटंट शिकवावं लागत नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको जालन्यातच काढली. २००२ साली बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, आणि ४५० ग्रॅमच्या पाकिटात सरकीबरोबर तंत्रज्ञानाचाही भाव मोजावा लागायचा हे आबांना तेव्हापासून तोंडपाठ.

"म्हंजे बी फुकट द्यायचं, आन् उगवून आल्यावर मागून रॉयल्टीचा दावा लावायचा नाही, असंच ना?"

"असंच, आबा."

"मंग चांगलंय की. घे तेच."

"पण आपल्याकडं पेटंट कुठंय?" लायसनराव. हेही खरंच. आपल्या कायद्यात नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळतच नाही.

तीन कलमी बीएसडी लायसनही आबांनीच फोडलं. तिसरं कलम सांगतं, मूळ लेखकाचं नाव आपल्या मालाची भलामण करायला वापरू नका. आबा म्हणाले, हे तर आमच्या कायद्यात हायेच. २००१च्या पीकवाण कायद्यानं शेतकऱ्याला घरचं बी ठेवता येतं, पेरता येतं, अदलाबदल करता येतं, विकतासुद्धा येतं. फक्त ब्रँडच्या पाकिटात भरून विकता येत नाही. म्हातारा लायसनात पोराच्या पुढे निघून गेला आणि तेल चोळत राहिला.

बीएसडीचं जुनं रूप चार कलमी होतं. त्यात एक अट अशी की या सॉफ्टवेअरचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत बर्कलेच्या विद्यापीठाचं नाव छापा. मग ज्यानं त्यानं तिथे आपलंही नाव घालायला सुरुवात केली. १९९७च्या नेटबीएसडीत स्टॉलमननं अशी ७५ वाक्यं मोजली. १९९९ साली विद्यापीठानंच ती अट काढून टाकली. लायसनरावाला हे सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. "सर, ती चार कलमी अजून मिळते का?" मी त्याला त्याच्याच चुलतभावाच्या लग्नपत्रिकेची आठवण करून दिली. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आणि 'किलबिल' मिळून इतकी नावं की लग्न कुठल्या गावाला आहे ते मागच्या बाजूला गेलं होतं आणि निम्मं वऱ्हाड दुसऱ्याच मंगल कार्यालयात जेवून आलं.

मधल्या काळात त्याला स्वतःचंच लायसन लिहायची उबळ आली. डग्लस क्रॉकफर्डनं आपल्या लायसनात 'हे चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको' अशी ओळ घातली होती. तर आयबीएमचे वकील त्याच्याकडे आले आणि वाईटासाठीही वापरायची परवानगी घेऊन गेले, असा किस्सा तो स्वतःच सांगतो. त्यापेक्षा डेन्मार्कच्या पौल-हेनिंग काम्पचं 'बिअरवेअर' लायसनरावाला आवडलं: हवं ते करा, भेट झालीच आणि वाटलं तर मला एक बिअर पाजा. गणपतीच्या गावात बिअर लिहिता येईना, म्हणून यानं 'चहावेअर' लिहिलं. मायनं एवढंच विचारलं, "ते लोक आपल्या घरी येणार?"

"येतील की कधी."

"मंग चहा कोण कोणाला पाजणार?"

घरी आलेल्याकडून चहा कसा प्यायचा? जेवढी माणसं प्रोग्रॅम घेतील तेवढ्यांचा चहा मायलाच टाकावा लागला असता. चहावेअर त्या रात्रीच बुडालं.

आणि शेवटी तो जिथून निघाला होता तिथेच आला. एमआयटी. पावणेदोनशेच्या आत शब्द. घ्या, वापरा, बदला, विका, काही करा. ही सूचना आणि हे नाव तेवढं सोबत राहू द्या. खाली मोठ्या अक्षरांत: जसं आहे तसं आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर आम्ही जबाबदार नाही. हा भाग गावाला लगेच समजला. बैलबाजारात दुसरं काय सांगतात? बैल तुमच्या डोळ्यांपुढे उभा आहे, दात मोजून घ्या.

नावाची अट मात्र मला समजली ती त्यांच्या स्वयंपाकघरात. मायच्या फळीवर स्टीलची भांडी पालथी मांडलेली, आणि प्रत्येकाच्या कडेला यंत्रानं टोचून काढलेली नावं. कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या बारशातलं, कुणाच्या स्मरणार्थ. एका पातेल्यावर मामानं दिलेलं 'सप्रम भेट'. नाव घालणाऱ्याच्या घाईत मात्रा राहून गेलेली. ते पातेलं तीस वर्षं दूध तापवतंय. मामाला त्यातल्या दुधाचा हिशेब कुणी देत नाही. त्यात रस्सा करा, हरभरे भिजवा, अंगणात चिमणीला पाणी ठेवा, मोडीत घाला. पण घासताना बोटाला मामा लागतो.

"हेच सर," लायसनराव म्हणाला, "एवढंच पाहिजे मला." अकरा महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलला.

प्रोग्रॅम बाहेर पडला. महिना गेला, दोन गेले, मी रात्री झोपू लागलो. मग अंगारकी आली. मंगळवारची संकष्टी म्हणजे राजुरात पाय ठेवायला जागा नसते. जालन्याहून लोक रात्रभर चालत येतात. लायसनराव बारीत लोकांना पाणी वाटत होता. एका पोरानं मोबाइल काढला, बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं: "जरा दम धरा."

लायसनरावाच्या हातातून जग सुटला. माय मोबाइलमध्ये बोलत होती! अॅप कुठल्याशा कंपनीचं, वर रत्नांच्या अंगठ्यांची जाहिरात. त्यानं पोराच्या हातातून मोबाइल घेतला आणि नाव शोधायला लागला. सेटिंग. माहिती. आमच्याविषयी. अटी. गोपनीयता. बारी पुढे सरकत होती, पोरगं गयावया करत होतं, "भाऊ, द्या ना, माझा नंबर जाईल." नाव कुठेच नव्हतं.

त्या रात्री कडी साडेदहाला नाही, साडेअकराला वाजली.

मी त्याला टॅनेनबॉमची गोष्ट सांगितली. अॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक. त्यांनी मिनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली आणि बीएसडी लायसनखाली मोकळी सोडली. २०१७ साली त्यांना कळलं की इंटेलनं ती आपल्या चिपांमध्ये घातलीय आणि अशा चिपा जगभर पसरल्यात. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं. पैसे मागितले नाहीत. सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं, एवढंच.

"त्यांनी पत्र लिहिलं ना? मग मीपण लिहितो. कडक इंग्रजी पाहिजे सर."

मी कडक इंग्रजी काढलं. पुरावा म्हणून त्याचं मूळ फोल्डर उघडायला लावलं. वर त्याचं नाव, खाली २११ ओळी, आणि शेजारी स्कायफील्डच्या दहा-बारा फाइली, सोयीसाठी उचलून आपल्याच फोल्डरात ठेवलेल्या.

"आणि याचं लायसन कुठंय?"

"कुणाचं?"

"ऱ्होड्सचं. तेही एमआयटीच ना? त्याचंही नाव राहू द्यायचं होतं."

लायसनरावानं फोल्डर वर नेलं, खाली नेलं. जसा दुपारी त्या पोराचा मोबाइल चाळत होता तसाच. मग बराच वेळ गप्प बसला. देवळावरचा स्पीकर ऐकू येत होता; हरवलेल्या लेकराचं नाव पुकारत होते.

"सर, हे कोणाला सांगू नका," तो म्हणाला, आणि तिथेच आमच्या जेवणाच्या टेबलावर ब्रँडन ऱ्होड्सचं नाव आणि त्याची पावणेदोनशे अक्षरं नव्हे, शब्द, जसेच्या तसे आत घातले. आपल्या नावाच्या वर. कंपनीला पाठवायचं पत्रही मग बरंच मऊ झालं. कडक विशेषणं मी एकेक करून काढली आणि शेवटी 'कृपया' घातला.

उत्तर आलं नाही. पण तीन आठवड्यांनी पुन्हा साडेदहाला कडी वाजली. लायसनराव हसत होता आणि हसू पुरतं उमटत नव्हतं. त्यानं अॅप उघडून 'आमच्याविषयी'त नेलं, तळापर्यंत सरकवलं. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत पुरं लायसन होतं. वर त्याचं नाव होतं. आडनावातला एक 'ए' खाल्ला होता.

"सर," तो चपला काढत म्हणाला, "स्पेलिंगबद्दल लायसनात काही लिहिलंय का?"

आतून बायकोनं दिवा लावला. मी चष्मा शोधला, आणि आम्ही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.